बर्फाखालच्या समुद्रातील धर्म: एका शोधाने तो खरोखर कोसळेल का?

तळवासी (मूळ प्रश्न)

मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत आहे आणि तिच्या मध्यावर येऊन अडलो आहे. कथेतील सृष्टी अशी आहे: एका वायुमय महाग्रहाभोवती फिरणारा चंद्र, त्यावर सुमारे २० किलोमीटर जाडीचे बर्फाचे कवच आणि त्याखाली सुमारे १०० किलोमीटर खोल समुद्र. गुरूच्या युरोपा या चंद्राविषयी जे अंदाज मांडले जातात, त्यांच्याशी हे आकडे ढोबळमानाने जुळतात. समुद्राच्या तळाशी उष्ण पाण्याची विवरे आहेत आणि त्यांच्या आधाराने एक बुद्धिमान जलचर समाज वसलेला आहे. या जीवांना डोळे नाहीत. जगाची सगळी ओळख त्यांना ध्वनीतून होते. तळ सोडून फार वर जाणे त्यांच्या शरीराला झेपत नाही, त्यामुळे वरच्या बर्फाला, म्हणजे त्यांच्या भाषेत 'छता'ला, कोणी कधी स्पर्श केलेला नाही.

त्यांच्या धर्माचा गाभा असा की, पुरेशा मोठ्याने मारलेल्या हाकेला सुमारे दोन मिनिटांनी वरून उत्तर येते, अर्थात वर ऐकणारा कोणीतरी आहे. उपासना म्हणजे सर्वांनी मिळून हाक मारायची आणि उत्तर येईपर्यंत स्तब्ध राहायचे. छत हेच देवाचे शरीर आणि तोच सृष्टीचा अंत. त्याच्या पलीकडे काही असू शकते, ही कल्पनाच त्यांना सुचलेली नाही.

पहिल्या खर्ड्यात मी असे लिहिले की एक संशोधिका बर्फ भेदणारे यंत्र तयार करते, पलीकडची पोकळी गाठते आणि काही दिवसांत धर्माधिकाऱ्यांची सत्ता कोसळते. हा भाग वाचताना मला स्वतःलाच तो पटत नाही. म्हणून दोन प्रश्न विचारतो. या जीवांना त्यांच्याच साधनांनी लागू शकेल असा, छताच्या कल्पनेला धक्का देणारा शोध कोणता? आणि तो लागल्यावर असा धर्म खरोखर कोसळेल, की आणखी काही घडेल?

स्पंदन

यंत्राची कल्पना सोडून द्यावी, असे मला वाटते. पाण्याखाली अग्नी नाही आणि अग्नी नाही म्हणजे खनिजापासून धातू वितळवून काढणे जवळजवळ अशक्य. धातू, काच, वाफ या वाटेने आपले तंत्रज्ञान जिथवर आले, तिथवर हे जीव त्याच वाटेने येणार नाहीत. शिवाय माणसाने सगळी साधने हाताशी असताना खोदलेले सर्वांत खोल विवर, कोला द्वीपकल्पावरचे, १२ किलोमीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. तुमच्या संशोधिकेला २० किलोमीटर बर्फ भेदायचा आहे आणि तोही खालून वर.

परंतु ध्वनीच्या बाबतीत हे जीव आपल्या फार पुढे असतील, आणि तुमचा शोध तिथेच दडलेला आहे. तळावरून निघालेला ध्वनी बर्फाच्या खालच्या पृष्ठभागावर आदळतो तेव्हा त्याचा काही अंश परत फिरतो. हेच तुमच्या धर्मातील 'उत्तर'. उरलेला अंश बर्फात शिरतो. बर्फात ध्वनीचा वेग सेकंदाला पावणेचार ते चार किलोमीटर, म्हणजे पाण्यातील वेगाच्या दुपटीहून अधिक असतो. बर्फाच्या वरच्या पृष्ठभागापलीकडे निर्वात पोकळी आहे आणि पोकळीत ध्वनी जाऊच शकत नाही, त्यामुळे तिथे पोहोचलेला ध्वनी जवळजवळ पूर्णपणे माघारी वळतो. वीस किलोमीटर वर आणि वीस किलोमीटर खाली, असा हा प्रवास सुमारे १० सेकंदांचा आहे. याचा अर्थ, पहिल्या उत्तरानंतर सुमारे १० सेकंदांनी दुसरे, फार क्षीण उत्तर येईल. बर्फ उंच स्वरांचा ध्वनी लवकर शोषून घेतो, म्हणून साध्या हाकेला हे दुसरे उत्तर ऐकू येणार नाही. त्यासाठी अतिशय खर्जातला आणि प्रचंड शक्तीचा ध्वनी लागेल. छताला मोठी भेग पडण्याचा ध्वनी तसा असू शकतो.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ध्वनी जेव्हा विरळ माध्यमाच्या सीमेवरून परततो तेव्हा तो उलटतो: संपीडनाचे (माध्यम दाबले जाण्याचे) विरलन (सैल होणे) होते आणि विरलनाचे संपीडन. पाण्यातून बर्फावर आदळून परतणारा पहिला प्रतिध्वनी सुलटा असेल, दुसरा मात्र उलटा. ध्वनीवरच ज्यांचे आयुष्य चालते त्यांना हा फरक ओळखता येईलच. म्हणजे छताला वरचा काठ आहे एवढेच त्यातून कळत नाही. त्या काठापलीकडे खडक नाही, पाणी नाही, ध्वनीला अडवण्याइतके काहीही नाही, हेही कळते. घरबसल्या एवढे समजत असेल तर भोक पाडण्याची गरजच काय?

आणखी एक धागा देतो. युरोपाची प्रदक्षिणा सुमारे ८५ तासांची आहे आणि कक्षा किंचित लंबगोल असल्यामुळे त्या काळात महाग्रहाचा ताण कमीजास्त होतो व कवच लयीने वरखाली होते. कक्षा अचूक वर्तुळ असती तर त्या ताणाने आलेला फुगवटा जागच्या जागी स्थिर राहिला असता आणि ही लय उरलीच नसती. ती टिकून आहे, कारण आयो, युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या चंद्रांचे प्रदक्षिणाकाळ १:२:४ या प्रमाणात बांधलेले आहेत. तुमच्या जीवांना भेगांच्या आवाजांत ही लय नक्की सापडेल. तिच्यामागे दूरचे काही जड पिंड आहेत हे उमगायला मात्र त्यांना गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत हवा, आणि तो दिवस बराच लांब आहे.

पोथीवाचक

वरील प्रतिसादातील भौतिकी मला पूर्ण मान्य आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. 'कोसळेल' हा शब्दच मला खटकतो. दोन उत्तरे ऐकू आली म्हणून हे लोक नास्तिक होतील, असे मानण्याला काही आधार दिसत नाही. आधी होईल ती पंथांची फाटाफूट. एक पंथ म्हणेल की ऐकणारे दोन आहेत. दुसरा म्हणेल की देव एकच आहे, पण तो प्रथम देहाने आणि मग अंतःकरणाने उत्तर देतो. तिसरा दुसऱ्या उत्तराला पाखंड ठरवून खर्जातल्या ध्वनीवरच बंदी घालील. शोधाचा पहिला परिणाम म्हणजे धर्मशास्त्राला आलेली बरकत.

आपल्याकडचे उदाहरण बोलके आहे. ग्रहण हे सावल्यांमुळे होते, हे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस स्पष्टपणे मांडले. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत तेच कारण सांगितले आणि राहू हे ग्रहणाचे कारण नव्हे, असेही म्हटले; मात्र लगेच पुढे, ग्रहणकाळी राहूला तिथे आपला वाटा मिळावा असा ब्रह्मदेवाचा वर असल्याचे सांगून त्याने परंपरेसाठी जागा ठेवली. गणित सावलीचे आणि विधी राहूचा, अशी ही वाटणी पुढे शतकानुशतके सुखाने चालली. तुमच्या संशोधिकेचे गणितही देवळात असेच मुरवले जाण्याची शक्यता मोठी आहे.

युरोप खंडातील कथाही आपण समजतो तितकी झटपट घडलेली नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये निघाला आणि तो पोप तिसऱ्या पॉलला अर्पण केलेला होता. त्यावर बंधन आले ते १६१६ मध्ये, म्हणजे मध्ये तब्बल ७३ वर्षे गेली. गॅलिलिओवरील खटला १६३३ चा. कोपर्निकस आणि गॅलिलिओ यांची पुस्तके निषिद्ध ग्रंथांच्या यादीतून पूर्णपणे वगळली गेली ती १८३५ मध्ये. आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते तर ताऱ्यांचा पराशय (पृथ्वीची जागा बदलल्याने त्यांचे जागा बदलल्यासारखे दिसणे) का दिसत नाही, या जुन्या आक्षेपाला प्रत्यक्ष मोजमापाचे उत्तर खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ मध्ये दिले. त्या मोजमापाची वाट न पाहता वाद विझून गेला होता. काही दिवसांत सत्ता कोसळवण्याऐवजी तुम्हाला पिढ्यांच्या हिशेबाने लिहावे लागेल, आणि कथेची सारी बांधणी त्यामुळे बदलेल.

अर्धविराम

पोथीवाचक यांच्याशी मी अर्ध्यापर्यंत सहमत आहे. धर्म सामावून घेतो, हे खरे. पण सामावून घेताना काय गमावतो, याचा विचार त्यांच्या प्रतिसादात आलेला नाही, आणि कथा तिथेच आहे.

आयझॅक असिमॉव्ह यांच्या १९४१ मधील 'नाइटफॉल' या कथेत सहा सूर्यांच्या प्रकाशात राहणाऱ्या एका ग्रहाची गोष्ट आहे. तिथे अंधार दोन हजारांहून अधिक वर्षांनी एकदाच होतो. एका पंथाच्या ग्रंथांत त्या अंधाराचे भाकीत आहे आणि खगोलशास्त्रज्ञांचे गणितही त्याच निष्कर्षाला येते. सामान्य लेखकाने इथे पंथाला आनंदित दाखवले असते. असिमॉव्ह यांच्या कथेत पंथाचा माणूस संतापतो, कारण विज्ञानाने त्याची श्रद्धा खरी ठरवताना तिची गरजच संपवली आहे. खंडनापेक्षा असे समर्थन अधिक जिव्हारी लागते.

याची उलट बाजूही इतिहासात आहे. विश्वाचा प्रारंभ एका आदिम अणूपासून झाला, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायस यांनी विश्वाच्या प्रारंभाविषयीच्या नव्या विज्ञानात सृष्टीच्या निर्मितीचा दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आज आधार म्हणून घेतलेला सिद्धांत उद्या बदलला तर श्रद्धेचे काय, ही अडचण आत बसलेल्या माणसाला सर्वांत आधी कळते.

आता तुमच्या कथेकडे येतो. तुमच्या धर्मात सृष्टीचा नकाशा दुय्यम आहे. छत कुठे संपते, याच्याशी सामान्य उपासकाचा संबंध नाही. त्याचा संबंध 'मला उत्तर मिळाले' या अनुभवाशी आहे. त्यामुळे दुसरे उत्तर ऐकू आल्याने तो हलणार नाही. तो हलेल ते उत्तराची वेळ आणि त्याचा आकार कोणीतरी आधीच सांगितला, आणि तो सांगितल्याप्रमाणे निघाला, तर. मागितल्यावर मिळणारी कृपा हिशेबाने ठरलेली निघाली की तिच्यातला देणारा नाहीसा होतो. यासाठी छताच्या पलीकडे जाण्याची गरज नाही, देवाला नाकारण्याचीही नाही. पुढच्या उपासनेच्या आधी दगडावर एक आकडा कोरून ठेवणे पुरेसे आहे. (एक अवांतर शंका: चोराच्या हाकेलाही देव उत्तर देतो, हे या समाजाला रोजच दिसत असणार. त्याचे समर्थन धर्माने केव्हाच तयार केलेले असेल आणि तेच समर्थन आकड्यांच्या वेळी पुन्हा बाहेर काढले जाईल. ते काय आहे, हे आधी ठरवा.)

तळवासी

सर्वांचे आभार. अर्धविराम यांची शंका मी टिपून घेतली आहे. सध्या मनात असलेले समर्थन असे की चोराला येणारे उत्तर हे उत्तर नसून इशारा असतो, आणि दोन्हींतील फरक फक्त धर्माधिकाऱ्यांना ऐकू येतो.

शोध म्हणून 'दुसरे उत्तर' मी स्वीकारतो आहे, पण धक्का म्हणून 'कोरलेला आकडा' वापरणार आहे. यामुळे एक नवा पेच उभा राहतो. दुसरे उत्तर ऐकू येण्यासाठी प्रचंड ध्वनी लागतो आणि हिशेब मांडण्यासाठी अनेक पिढ्यांच्या नोंदी लागतात. एकटी बंडखोर संशोधिका या दोन्ही गोष्टी कोठून आणणार?

पोथीवाचक

ती एकटी असू नये आणि बंडखोर तर मुळीच असू नये. पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवण्याची चिकाटी, सवड आणि अन्नधान्याची बेगमी प्राचीन समाजात बहुतेक वेळा धर्मसंस्थेपाशीच असते. बॅबिलोनच्या आकाशनिरीक्षकांच्या मातीच्या पाट्यांवरील रोजनिशा अनेक शतके चालू राहिल्या, त्या ग्रहस्थितीतून शुभाशुभ जाणण्याच्या परंपरेतूनच. ग्रहांच्या गतीचे त्यांचे गणित त्याच नोंदींच्या बळावर उभे राहिले. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल मठात राहत होता. तुमची संशोधिका ही हाकांची नोंद ठेवणारी देवळातील सेविका असावी, आणि तिचे काम उत्तराची अचूक वेळ नोंदवून देवाची थोरवी सिद्ध करण्याचे असावे. तिला खंडन करायचेच नाही. ती भक्तीने आकडे गोळा करते आणि तिचे आकडे अधिकाधिक नेमके होत जातात.

स्पंदन

यात एक भौतिक तपशील वापरता येईल. तळापासून छतापर्यंतचे अंतर स्थिर नाही. युरोपासारख्या चंद्रावर समुद्र असल्यास कवच प्रत्येक प्रदक्षिणेत सुमारे ३० मीटर वरखाली होते. त्यामुळे उत्तराची वेळ सेकंदाच्या काही शतांशांनी मागेपुढे सरकेल. आधीच्या पिढ्यांनी हा फरक देवाची मर्जी म्हणून नोंदवला असेल: लवकर आलेले उत्तर म्हणजे प्रसन्नता, उशिरा आलेले म्हणजे रोष. तुमच्या सेविकेला दिसेल की प्रसन्नता आणि रोष ८५ तासांच्या चक्रात, चुकत नाहीत अशा क्रमाने येतात. अट एकच: सेकंदाचा शतांश मोजणारे घड्याळ त्यांच्यापाशी हवे. अनेक गायकांनी एका तालात म्हटलेला दीर्घ मंत्र, ज्याच्या मात्रा उत्तराशी ताडून पाहता येतात, हे त्यांचे घड्याळ होऊ शकेल. एका वेळी त्याची अचूकता पुरेशी ठरणार नाही, पण हजारो उपासनांच्या नोंदींची सरासरी काढल्यास लय वर येईल. म्हणून सेविकेला सर्वांत आधी सरासरी काढण्याची कल्पना सुचली पाहिजे, आणि माझ्या मते कथेतील खरा शोध तोच आहे.

तळवासी

रोषाचे वेळापत्रक! मग ते हाती आल्यावर धर्माधिकारी तिला शिक्षा करणार नाहीत; रोषाच्या काळात महत्त्वाच्या उपासना टाळण्यासाठी ते तिच्याकडून दरवर्षी पंचांग करून घेतील. मधले प्रकरण आता त्या पंचांगापासून पुन्हा लिहायला घेतो.