पीएस/२ माउस ड्रायव्हर: टाइप करताना कर्सर उडतो, बटणं आपोआप दाबली जातात

बूटसेक्टर

३२-बिट एक्स८६ वर एक छोटा युनिक्ससारखा कर्नल लिहितोय. कीबोर्ड, टीटीवाय, फोर्क, एक्झेक, पाइप एवढं चालतं. आता माउस जोडतोय. आयआरक्यू १२ (माउसचं इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने प्रोसेसरला दिलेली हाक) येतं, तीन-तीन बाइटची पॅकेटं जमतात, कर्सर हलतो.

नुसता माउस हलवला तर कितीही वेळ नीट चालतो. माउस हलत असताना टाइप केलं की अधूनमधून कर्सर एकदम कडेला जातो, मधलं किंवा उजवं बटण दाबल्यासारखं दिसतं, आणि मग पुढचं सगळंच चुकीचं येत राहतं. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये आणि एका जुन्या डेस्कटॉपवर, दोन्हीकडे हेच. बिघडतं त्या क्षणाचा लॉग, आकडे हेक्समध्ये, एका ओळीत एक पॅकेट:

०८ ०५ ००
०८ ०७ २८
०६ एफई ०८
०४ ०० ०८

दुसरा प्रश्न रचनेचा आहे. /डेव्ह/माउस वाचल्यावर प्रोग्रामला काय मिळावं? कच्ची पॅकेटं की कर्नलने उलगडलेलं काहीतरी?

रिंगझिरो

लॉगमध्येच उत्तर आहे. पॅकेटमध्ये पहिला बाइट बटणं आणि चिन्हांचा असतो, दुसरा एक्सचा, तिसरा वायचा. दुसऱ्या ओळीत एक बाइट हरवलाय. खरा प्रवाह साधारण असा असणार: ०८ ०५ ००, मग ०८ ०७ ०१, मग २८ ०६ एफई, मग ०८ ०४ ००. त्यातला ०१ कुठेतरी गेला (तिथे नेमका ०१च होता की ०२, हे लॉगवरून कळणार नाही). त्यामुळे पुढच्या पॅकेटचा पहिला बाइट २८ हा वाय म्हणून वाचला गेला. वाय एकने सरकायचा तो ४० ने सरकला. त्यानंतर ०६ हा पहिला बाइट समजला गेला. त्यात बिट १ आणि २ लागलेले आहेत, म्हणून उजवं आणि मधलं बटण 'दाबलं'. एफई हा एक्स झाला, चिन्हाचा बिट शून्य, म्हणून कर्सर २५४ ने उजवीकडे. तुम्ही वर्णन केलेली प्रत्येक गोष्ट या एका हरवलेल्या बाइटने होते.

आता बाइट गेला कुठे? कीबोर्ड आणि माउस, दोघांचाही डेटा ६० या एकाच पोर्टमधून येतो (पोर्ट आणि कमांडचे सगळे आकडे हेक्स धरा, बिट शून्यापासून मोजा). कोणाचा बाइट आहे हे फक्त ६४ वरच्या स्टेटसमधल्या बिट ५ वरून कळतं. तो १ असेल तर माउसचा, ० असेल तर कीबोर्डचा. 'आयआरक्यू १ आलं म्हणजे ६० मध्ये कीबोर्डचाच बाइट असणार' असं धरून चाललात तर कधी ना कधी माउसचा बाइट स्कॅनकोड (कळीचा आकडा) म्हणून गिळला जातो.

माझा पहिला संशय मात्र कॅप्स लॉकच्या दिव्यावर आहे. दिवा लावायला कीबोर्डला ईडी पाठवता, मग एफए (पोचपावती) येईपर्यंत लूपमध्ये ६० वाचता, बरोबर? त्या लूपमध्ये बिट ५ तपासला नसेल तर तेवढ्यात आलेला माउसचा बाइट तिथेच खपतो.

उपाय असा करा. आयआरक्यू १ आणि १२ दोन्ही एकाच फंक्शनला जोडा. ते आधी ६४ वाचेल. बिट ० नसेल तर परत फिरेल. असेल तर बिट ५ बघून ठेवेल, मग ६० वाचेल आणि बाइट योग्य रांगेत टाकेल. क्रम महत्त्वाचा आहे. स्टेटस हे त्या क्षणी बफरमध्ये असलेल्या बाइटबद्दल बोलतं, ६० आधी वाचलात तर ते पुढच्या बाइटबद्दल असेल. दिव्याच्या कोडमधला लूप पूर्ण काढून टाका: ईडी पाठवा, 'उत्तराची वाट पाहतोय' अशी स्थिती नोंदवा, आणि बाकीचं काम एफए आल्यावर याच फंक्शनमधून होऊ द्या.

बाइट हरवण्याचं मूळ कारण गेलं तरी पुन्हा रांगेत येण्याची सोय ड्रायव्हरमध्ये हवीच, कारण पीएस/२ प्रवाहात पॅकेटची हद्द दाखवणारं काहीही नसतं. पहिल्या बाइटचा बिट ३ नेहमी १ असतो, पण तेवढं पुरत नाही. तुमच्याच लॉगवर करून बघा: ०६ मध्ये बिट ३ नाही, तो फेकला. पुढचा एफई, त्यात बिट ३ आहे, म्हणजे नुसती ती चाचणी तो स्वीकारणार. पण एफईमध्ये बिट ६ आणि ७, म्हणजे ओव्हरफ्लोचे दोन्ही बिट, लागलेले आहेत. ओव्हरफ्लो असलेला पहिला बाइट सरळ नाकारायचा असा नियम ठेवलात की तोही जातो, आणि पुढचा ०८ हा खराखुरा पहिला बाइट हाती लागतो. ओव्हरफ्लोच्या पॅकेटमधले आकडे तसेही वापरण्याजोगे नसतात, त्यामुळे यात काही गमावत नाही.

त्याच्या जोडीला वेळेची अट घाला. पॅकेट अर्धवट असताना मध्ये फार वेळ गेला तर जमलेले बाइट टाकून द्यायचे. लिनक्सचा पीएसमाउस ड्रायव्हर अर्धा सेकंद धरतो. एक बाइट म्हणजे तारेवर ११ बिट, क्लॉक साधारण १० ते १६.७ किलोहर्ट्झ, म्हणजे चार बाइटचं पॅकेटसुद्धा ५ मिलिसेकंदांच्या आत संपतं. त्यामुळे अर्धा सेकंद ही मर्यादा सढळ आहे, पण इंटरप्ट बराच वेळ बंद राहणाऱ्या कर्नलला ती सुरक्षित पडते.

पोर्टचौसष्ट

वरचं निदान पटतं. सुरुवातीच्या जोडणीबद्दल लिहितो, कारण क्यूएमूत चालणारा कोड खऱ्या मशीनवर बहुतेकदा इथेच अडतो.

६० किंवा ६४ वर काहीही लिहिण्याआधी स्टेटसचा बिट १ शून्य होईपर्यंत थांबायचं, आणि त्या थांबण्याला मर्यादा हवी, नाहीतर कंट्रोलर नसलेल्या मशीनवर बूट तिथेच लटकेल. क्यूएमूत लिहिलेलं लगेच पार पडतं, म्हणून हे थांबणं विसरलं तरी तिथे कळत नाही.

इंटरप्ट मास्क करून ६४ वर एडी आणि ए७ लिहा, दोन्ही पोर्ट बंद. बिट ० लागलेला असेपर्यंत ६० वाचून बफर रिकामं करा. मग २० ने कॉन्फिगरेशन बाइट घ्या, त्यातले बिट ० आणि १ काढा, ६० या कमांडने परत लिहा. बिट ६, म्हणजे स्कॅनकोडचं रूपांतर, होता तसाच ठेवा, नाहीतर चालू कीबोर्ड बिघडवाल. ए८ ने माउसचा पोर्ट उघडा आणि कॉन्फिगरेशन पुन्हा वाचा. बिट ५ अजूनही १ असेल तर दुसरा पोर्टच नाही, पुढे जाऊ नका.

आता माउसशी बोलणं. प्रत्येक बाइटच्या आधी ६४ वर डी४ लागतो. कमांडच्या आधी लागतो तसाच तिच्या पॅरामीटरच्या आधीही. एफ३ ला (सेकंदाला किती पॅकेटं हा दर ठरवणारी कमांड) डी४ लावतात आणि पुढच्या दराला विसरतात, मग तो दर कीबोर्डकडे जातो आणि माउस ताटकळत राहतो. एफएफ (रीसेट) पाठवा, एफए, मग एए, मग ०० यायला हवेत. एफए लगेच येतो, एए मात्र माउसची स्वतःची चाचणी संपल्यावर, म्हणजे काहीशे मिलिसेकंदांनी. इथे एक सेकंदाच्या आत हार मानू नका.

चाकासाठी: एफ३ ने दर २००, मग १००, मग ८० असा लावा (हेक्समध्ये सी८, ६४, ५०) आणि एफ२ ने ओळख विचारा. ०३ आलं तर पॅकेट चार बाइटचं झालं. ०० आलं तर तीनचंच. चार बाइट येणार असं गृहीत धरून कोड लिहिलात आणि माउस साधा निघाला, तर पुन्हा तीच उड्यांची तक्रार. शेवटी दर १०० वर आणा आणि एफ४ पाठवा. रीसेटनंतर माउस गप्पच असतो, एफ४ शिवाय एकही पॅकेट येत नाही.

मग एई ने कीबोर्डचा पोर्ट उघडा, कॉन्फिगरेशनमध्ये बिट ० आणि १ लावा आणि पीआयसीचे (इंटरप्ट कंट्रोलरचे) मास्क काढा. आयआरक्यू १२ हे स्लेव्हवर (मास्टरला जोडलेल्या दुसऱ्या पीआयसीवर) आहे, म्हणून ए१ मधला बिट ४ तर काढायचाच, शिवाय मास्टरच्या २१ मधला बिट २ सुद्धा. ईओआय (इंटरप्ट हाताळून झालं हा संदेश) दोन्हीकडे: आधी ए० ला, मग २० ला. यातला एक राहिला तर एक इंटरप्ट येतं आणि मग सगळं शांत.

माउस चालू असताना पुन्हा कधी दर किंवा रिझोल्यूशन बदलायचं असेल तर आधी एफ५ ने प्रवाह थांबवा. एफए हा पोचपावतीचा बाइट आहे तसाच तो 'सहाने मागे' असा हालचालीचाही बाइट असू शकतो, आणि चालू प्रवाहात दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

तळमजला

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कच्ची पॅकेटं वरती देऊ नका. लिनक्समध्ये पूर्वी /डेव्ह/पीएसऑक्सने तेच केलं होतं, आणि त्याचा भार असा की प्रत्येक प्रोग्रामला पीएस/२ चं व्याकरण यावं लागतं. उद्या यूएसबी माउस आला की एकतर प्रत्येक प्रोग्राम बदला, नाहीतर कर्नलने पीएस/२ माउसचं सोंग आणावं. /डेव्ह/इनपुट/माइस आजही तेच सोंग आणतं. नेटबीएसडी-ओपनबीएसडीतलं डब्ल्यूएसमाउस आणि लिनक्सचं इव्हडेव्ह, दोन्ही कर्नलमध्येच पॅकेट उलगडून इव्हेंट देतात. तुम्हीही तेच करा.

इव्हडेव्हसारखी रचना घेतली तर एक नोंद म्हणजे वेळ, प्रकार, संकेत आणि मूल्य. एक्स सरकला, वाय सरकला, डावं बटण दाबलं, अशा नोंदी आणि शेवटी 'एक संच पूर्ण' अशी सिंक नोंद. ती नोंद अनावश्यक वाटते, पण तिच्याशिवाय तिरकी हालचाल पायरी-पायरीने दिसते, कारण वाचणाऱ्याला एक्स आणि वाय एकाच क्षणाचे आहेत हे कळत नाही. वेळ मोनोटॉनिक (कधी मागे न जाणाऱ्या) घड्याळाची द्या, कोणी तारीख बदलली की डबल क्लिक बिघडायला नको.

रीड नेहमी पूर्ण नोंदीच देईल. दिलेलं बफर एका नोंदीहून लहान असेल तर ईइनव्हॅल ही एरर. नॉनब्लॉक असेल आणि काही नसेल तर ईअगेन. पोल आणि सिलेक्ट पहिल्या दिवसापासून घाला, कारण ग्राफिक्स सर्व्हर माउस, कीबोर्ड आणि सॉकेट एकाच ठिकाणी थांबून बघतो. झोपलेल्या प्रोसेसला सिंक नोंद आल्यावरच उठवा, अर्ध्या संचावर नको. आणि प्रत्येक ओपनला स्वतंत्र रिंग बफर द्या. एकच सामायिक बफर ठेवलंत तर दोन वाचणारे एकमेकांचे इव्हेंट पळवतात.

बफर भरल्यावर काय करता यावर ड्रायव्हरचा दर्जा ठरतो असं माझं मत आहे. हालचाल गेली तर फारसं बिघडत नाही, पण बटण सोडल्याची नोंद गेली तर खिडकी कर्सरला चिकटून राहते. इव्हडेव्ह अशा वेळी 'नोंदी गळल्या' असा खास इव्हेंट देतं आणि प्रोग्राम बटणांची सद्यस्थिती आयओकंट्रोलने विचारून घेतो. एवढं करायचं नसेल तर निदान न वाचलेल्या हालचाली एकत्र बेरीज करून ठेवा आणि बटणांच्या नोंदींना जागा राखा.

दिशा कर्नलमध्येच सरळ करा. पीएस/२ मध्ये वर म्हणजे धन वाय, पडद्यावर खाली म्हणजे धन, म्हणून वाय उलटा. इव्हडेव्हची पद्धत पाळायची तर चाकाचा आकडाही उलटा लागतो. यूएसबीच्या बूट प्रोटोकॉलमध्ये वाय आधीच खाली धन असतो, तिथे उलटवू नका.

बूटसेक्टर

दिव्याचाच लूप होता. काढला, दोन्ही इंटरप्ट एका फंक्शनवर आणले, आता टाइप करताना काही उडत नाही. एक उरलंय: क्यूएमूत सगळं ठीक, पण डेस्कटॉपवर माउस झटक्यात उजवीकडे नेला की कर्सर मध्येच डावीकडे जातो. शिवाय केव्हीएम स्विचवरून (एकच कीबोर्ड-माउस अनेक मशीनना जोडणारी पेटी) दुसऱ्या मशीनवर जाऊन परत आलं की माउस मेलेला.

रिंगझिरो

पहिलं: एक्सचा बाइट तुम्ही ८-बिट चिन्हांकित संख्या म्हणून वाचताय. तो ९ बिटांचा आहे, चिन्ह पहिल्या बाइटच्या बिट ४ मध्ये, वायचं बिट ५ मध्ये. १३० ही हालचाल ८ बिटांत उणे १२६ होते. क्यूएमू एका पॅकेटमध्ये १२७ च्या पलीकडे जातच नाही, मोठी हालचाल तुकड्यांत देतो, म्हणून तिथे चूक दिसत नाही. ८०० डीपीआयने मोजणारा माउस मिलिमीटरला साधारण ३१ काउंट देतो, म्हणजे दर १०० असताना सेकंदाला ४० सेंटिमीटरच्या पुढे गेलात की १२७ ओलांडले. गणित असं: पहिला बाइट चार घरं डावीकडे सरकवा, त्यातला हेक्स १०० चा बिट घ्या, तो एक्समधून वजा करा. वायसाठी तीन घरं. २८ आणि एफईवर करून बघा, उणे २ आलं पाहिजे.

दुसरं: काही स्विच परत जोडताना माउसचा वीजपुरवठा तोडतात. माउस नव्याने सुरू होऊन एए ०० पाठवतो आणि एफ४ ची वाट बघत बसतो, चाकाचा मोडही गेलेला असतो. पॅकेटच्या सुरुवातीच्या जागी एए आणि पाठोपाठ ०० दिसलं की पूर्ण जोडणी पुन्हा करा. एए मध्ये बिट ३ आहे पण बिट ७ ही आहे, म्हणजे ओव्हरफ्लोची चाचणी त्याला मुकाट फेकून देईल. त्यामुळे एएची तपासणी तिच्या आधी ठेवा. आणि ही जोडणी इंटरप्टमध्ये करू नका, कर्नल थ्रेडकडे सोपवा, एएची सेकंदभर वाट बघायची आहे.

पोर्टचौसष्ट

हाताने हलवून तपासण्यापेक्षा क्यूएमूच्या मॉनिटरमधून माउस_मूव्ह आणि माउस_बटन या कमांड द्या, तीच हालचाल पुन्हा-पुन्हा देता येते. ९ बिटांचं उलगडणं मात्र तिथे तपासलं जाणार नाही, त्यासाठी उलगडणारं फंक्शन हार्डवेअरपासून वेगळं ठेवा आणि बाइटची रांग देऊन साध्या युजर प्रोग्रामसारखं चालवा. तुमचा वरचा लॉग हीच पहिली चाचणी म्हणून वापरा: हरवलेल्या बाइटसकट तो द्या, आणि ०८ ०४ ०० पासून पुढचं प्रत्येक पॅकेट बरोबर निघतंय का ते बघा.