रुई: रंग सोडा, पाकळ्या बघा
आपल्याकडे रुईच्या दोन जाती दिसतात, प्रोसेरा आणि जायगँशिया. पांढरं फूल म्हणजे प्रोसेरा आणि जांभळं म्हणजे जायगँशिया, अशी खूण सांगतात, पण ती फसवी आहे. जायगँशियातही शुभ्र फुलांची झाडं असतात आणि प्रोसेराच्या पांढरट पाकळ्यांना टोकाशी जांभळा डाग असतोच. पाकळ्यांची ठेवण बघा. प्रोसेराच्या वाटीसारख्या उभ्या असतात; जायगँशियाच्या पसरून खाली वळलेल्या, त्यामुळे मधला मुकुट चांगला उठून दिसतो. फूल उमललं नसेल तर कळी बघा: प्रोसेराची गोल गरगरीत, दुसरीची लांबट.

थरच्या वाळवंटात भेटते ती रुई बहुतेक प्रोसेराच. नुसत्या पानांवरून मात्र मी तरी पैज लावणार नाही. आणि हो, फूल तोडलंत तर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, चीक फार वाईट.