‘तलफशुदा’ मिसली : नष्ट केलेल्या की मागवलेल्या?

गोदाकाठ
नमस्कार. एका मथळ्यापायी आमचं भाषांतर अडून बसलंय. तालुक्याच्या अभिलेख कक्षातून एका जुन्या यादीची नक्कल मिळाली. मूळ यादी उर्दूत, 1349 फसली (निजामकाळचं महसुली सन), माह तीर. आमच्या पणजोबांच्या बांधाच्या वादाची मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, तिच्यात नंबरासकट नोंदलेली आहे. वरचा मथळा नंतर कुणीतरी पेन्सिलीनं देवनागरीत उतरवलाय : ‘फेहरिस्त (म्हणजे यादी) मिसल तलफशुदा’.

आमच्या गल्लीतले उर्दू जाणणारे गुरुजी म्हणतात, ते ‘तलबशुदा’ आहे, म्हणजे वरच्या कचेरीनं मागवून घेतलेल्या मिसली. मामा म्हणतात, तलफ म्हणजे नष्ट. आणि कक्षात सांगितलं की ‘निंदणीकरण झालेल्या संचिका’ असं लिहा, तोच शासकीय शब्द आहे. मागवलेली असेल तर आम्ही संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात शोधू. नष्ट केली असेल तर शोधच संपला. आईचा जीव त्या कागदात अडकलाय. काय लिहावं?

दख्खनी
ताई, तलब आणि तलफ हे दोन वेगळे अरबी शब्द. तलब म्हणजे मागणी, बोलावणं. तलफ म्हणजे नाश. ‘हकतलफी’त हाच तलफ आहे, हक्क बुडवणं. उर्दूत लिहिताना तलब ‘तोय’ या अक्षरानं सुरू होतो आणि तलफ ‘ते’नं. तोयला उभी काठी असते, ती शिकस्त्यात, म्हणजे घाईच्या वळणातही लपत नाही. शेवटचं अक्षर बे की फे यावर भिस्त ठेवू नका, घाईत लिहिणारे मुन्शी नुकते (अक्षरांचे ठिपके) सोडून द्यायचे. पहिलंच अक्षर बघा.

पेन्सिलीच्या मथळ्यावर मात्र विसंबू नका. आपल्याकडं तंबाखूची ‘तलफ’ येते, ती मुळात तलबच. मराठीच्या तोंडी शेवटच्या ब चा कुठं प झाला, कुठं फ. म्हणजे दोन्ही शब्द एकाच उच्चारावर येऊन बसले. उतरवणाऱ्याचा कान मराठी असेल तर त्यानं तलब वाचूनही तलफ लिहिलं असेल.

मोहर
माझी नोकरी महसुलात झाली. आधी तारीख नीट लावून घ्या. फसलीत सरसकट 590 मिळवतात आणि तिथंच चूक होते. निजाम राज्यातलं फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरात सुरू व्हायचं. तीर हा आठवा महिना, साधारण मे. म्हणून 1349 फसलीचा तीर 1939 चा नव्हे, 1940 चा. पुराभिलेखागारात अर्ज देताना 1939 लिहिलं तर भलताच बस्ता (कागदांचा गठ्ठा) काढून देतील.

आता शब्द. ‘निंदणीकरण झालेल्या संचिका’ हे भाषांतर मला पटत नाही, आणि त्याचं कारण कामाचं आहे. आमच्याकडं कागदाची प्रतवारी ठरलेली : ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-1’ पाच, ‘ड’ एक वर्ष. सहा गठ्ठे पद्धतीत शेवटचा गठ्ठा ‘ड’चा. वर्ग लावलेल्या संचिकांतून मुदत सरलेलं वेगळं काढायचं, ते निंदणीकरण. त्यावर वरिष्ठांची सही झाली की मग नाशन. निंदणीकरण म्हणजे कागद गेला असं नाही, तो फक्त रांगेत उभा राहिला. तुमच्या यादीत तो गेला की नाही हाच तर प्रश्न आहे. जो शब्द त्याचं उत्तर देत नाही तो मथळ्यावर कशाला?

निर्दोष मराठी
निंदणीकरण हा शब्दच मुळात चुकीचा घडवलेला आहे. निंदणी म्हणजे निंदण्याची, शेतातलं तण काढण्याची क्रिया. क्रियावाचक नामाला पुन्हा ‘करण’ कशाला? पेरणीकरण, कापणीकरण म्हणतो का आपण? त्यात सामान्य माणूस तो शब्द निंदेशी जोडतो. ‘छाननी’ हा सुटसुटीत शब्द असताना इंग्रजी ‘वीडिंग’ शब्दाची सावली ओढून आणायची गरज नव्हती. आणि मराठी भाषांतरात मिसल, फेहरिस्त, तलफ यांतलं काहीही ठेवू नये. ‘नष्ट केलेल्या प्रकरणांची सूची’, विषय संपला.

ओवी
सर, छाननीत कागद चाळला जातो, उपटला जात नाही. शब्दाची घडण बिघडलीय हे मान्य, पण ज्यानं कुणी निंदणी शब्द उचलला त्यानं शेत पाहिलं असावं. मी खुरपायला गेलेली बाई आहे. आमच्याकडं बीडला निंदणी कुणी म्हणत नाही, खुरपणं म्हणतात. खुरपताना बाई नुसतं तण काढत नाही. पाथरी दिसली की तोडून ओच्यात टाकते, चिगळ आणि तांदुळजा संध्याकाळच्या भाजीला वेगळा ठेवते. मालकाच्या लेखी ते तणच असतं. कोणतं तण आणि कोणतं माळवं, हे खुरपं हातात असलेल्या माणसानं ठरवायचं असतं आणि त्याला ओळख लागते. कागदाचंही तसंच. ज्याला उर्दू वाचता येत नाही, मोडी वाचता येत नाही, त्याच्या हातात त्या काळच्या दप्तराचं खुरपं देऊ नये.

कयाधू
आमच्या हिंगोलीकडं ‘निंदायला गेली’ असंच म्हणतात, त्यामुळं शब्द परका नाही. विदर्भात तर सर्रास निंदण. गुजरातीत नींदामण म्हणजे तण. संस्कृतात ‘निर्दाता’ म्हणजे तण काढणारा. माझं मत, निंदणी तिथून आली, निंदेशी तिचा काही संबंध नाही.

निर्दोष मराठी
निर्दातापासून निंदणीतला अनुस्वार कसा आला ते दाखवा. अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ती झाली असं होत नाही.

कयाधू
रेफ, म्हणजे जोडाक्षरातला र, जाऊन त्या जागी अनुस्वार आल्याची उदाहरणं प्राकृतात आहेत. वक्र पासून वंक, आणि त्यावरून आपलं वाकडं. दर्शन पासून दंसण. तसंच इथं झालं असेल.

दख्खनी
‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. मिसल, तलफ, फेहरिस्त हे शब्द मराठवाड्यात पाहुणे म्हणून आलेले नाहीत. हैदराबाद राज्यात 1884 पासून कारभाराची भाषा उर्दू होती. 1948 ला संस्थान विलीन झालं, 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, आणि कचेरीची मराठी आम्हाला तयार होऊन मिळाली : संचिका, नस्ती, अभिलेख. चांगले शब्द आहेत, मी वापरतोही. पण आमच्या आजोबांनी ज्या भाषेत जमिनी राखल्या ती आम्हाला वाचता येईनाशी झाली. आजही इनामी जमिनीच्या दाव्यात ‘मुंतखब’, म्हणजे इनामाच्या हक्काचा कागद, दाखवा म्हणतात. तिथं दुसरा शब्द लिहिला तर वकीलसुद्धा विचारील, हे काय आणलंत? मुंतखब म्हणजे मुळात निवडून काढलेलं. कागद निवडण्याच्या कामाला आपल्या मातीत आधीपासून रुळलेला धातू आहे, तो बाजूला सारून आपण शेतातून शब्द आणतो.

निर्दोष मराठी
मुंतखब हा कायद्यातला पारिभाषिक शब्द आहे, तो राहू द्या. पण त्यावरून निवडीसाठी इंतखाब म्हणायचं ठरवलं तर उद्याच्या तलाठ्यानं आणि खातेदारानं काय करायचं? भाषा एकट्या मराठवाड्याची नसते. चंद्रपूरच्या आणि रत्नागिरीच्या माणसालाही शासन निर्णय कळला पाहिजे.

दख्खनी
इंतखाब चालवा असं मी म्हटलेलं नाही. जे लिहून ठेवलंय ते पुसून नवं लिहू नका, एवढंच म्हणतोय. मूळ मथळा आहे तसा देवनागरीत द्यावा आणि खाली अर्थ द्यावा. भाषांतरकारानं न्यायनिवाडा करू नये.

गोदाकाठ
पहिलं अक्षर बघायला गेले होते. कागदाची घडी नेमकी त्याच अक्षरावरून गेलीय. नकलेत तिथं पांढरी रेघ आहे. मूळ यादी दाखवायला वेगळा अर्ज द्या म्हणायलेत. तोवर एक विचारते. यादीत काही नंबरांपुढं तारीख आहे, काहींपुढं नाही. आमच्या नंबरापुढं नाही. त्यावरून काही कळतं का?

मांजरा
कळू शकतं. मिसल अपिलात वर मागवली की ती परत आल्याची तारीख टाकायला जागा ठेवायचे. तारीख नाही म्हणजे परत आली नाही, असा एक अर्थ निघतो. म्हणून मला गुरुजींचं तलब पूर्ण चूक वाटत नाही.

आणि मराठवाड्यातला कागद फिरलाही फार आहे. आमचं निलंगा, शेजारचं उदगीर, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबाद, 1982 ला लातूर. कयाधूंकडं परभणीतून 1999 ला हिंगोली वेगळा झाला. प्रत्येक वाटणीत बस्ते गाडीत घातले गेले. आमच्या घरच्या एका कागदासाठी आम्हाला ‘तिकडं गेला असेल’ आणि ‘इकडंच असेल’ ही दोनच उत्तरं मिळत राहिली. नष्ट झाला असं कुणी लिहून दिलं नाही, आणि सापडलाही नाही. एखादा कागद नष्ट केला म्हणून नोंद असणं हे नशिबाचं म्हणायची पाळी येते.

दुसरं असं की काय लागेल हे आधी कुणाला कळतं? 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आमच्या तालुक्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे, 1951 च्या गणनेच्या वेळचे नमुने, सगळे बस्ते सुटले. त्या नोंदी लिहिणाऱ्यानं त्या वसुलीसाठी किंवा शिरगणतीसाठी लिहिल्या होत्या. सत्तर वर्षांनी त्यांतली जातीची रकाना कुणी उघडून बघेल हे त्याच्या गावीही नव्हतं.

निर्दोष मराठी
‘रकाना’ पुल्लिंगी आहे. जातीचा रकाना.

मांजरा
आमच्याकडं दोन्ही म्हणतात. कागदाचं बोलू या.

मोहर
मांजरा, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण सगळंच ठेवा असा त्याचा अर्थ काढू नका. रजेचे अर्ज, जाहिरातींच्या प्रती, तिसऱ्यांदा काढलेली स्मरणपत्रं यांच्या ढिगाखाली खासरा दबतो आणि वाळवी दोघांनाही सारखीच खाते. मी अशा खोल्या पाहिल्यात. ‘ड’ वेळच्या वेळी काढला नाही म्हणून ‘अ’ कुजला. नाशनाची लाज वाटायचं कारण नाही. लाज वाटावी ती नोंद न करता केलेल्या नाशनाची.

कायदाही तेच सांगतो. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 1993 चा, आपल्या राज्याचा स्वतःचा 2005 चा. केंद्राच्या कायद्यात 1892 च्या आधीचा कागद नष्ट करता येत नाही, तो वापरण्यापलीकडं खराब झाला असेल तरच सूट. 1997 च्या नियमांनुसार नाशन अभिलेख अधिकाऱ्यासमोर करायचं, जाळून किंवा तुकडे करून. आणि जे नष्ट करायचं त्याची यादी करून ती जपायची. गोदाकाठ ताईंच्या हातात आहे ती तसलीच यादी असेल, तर मिसल गेली तरी यादी हाच पुरावा आहे की वाद होता, त्याचा नंबर होता, तो अमुक कचेरीत चालला होता. ती यादी कुणी ‘जुन्या याद्या’ म्हणून ‘ड’ मध्ये घातली नाही, त्या अनोळखी कारकुनाचे उपकार माना.

म्हणून माझं मत : मथळ्यात शब्द असा हवा की वाचणाऱ्याला कुणीतरी ठरवून हे केलं हे कळावं. ‘नष्ट झालेल्या’ लिहू नका. नष्ट आगीतही होतं, पुरातही होतं. तलफ ठरलं तर ‘नष्ट केलेल्या’ लिहा.

ओवी
‘झालेल्या’ आणि ‘केलेल्या’ हे फार महत्त्वाचं सांगितलंत काका. ‘निंदणीकरण झालं’, ‘नाशन झालं’, या सगळ्या वाक्यांत करणारा कुठंच नाही. आमच्या भावकीत एका कागदाबद्दल हेच वाक्य ऐकून आम्ही परत आलो होतो. कुणी केलं, कधी केलं, कोणत्या सहीनं केलं, हे विचारायला त्या शब्दात जागाच ठेवलेली नाही.

आणि 2025 च्या शंभर दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांची स्वच्छता हा मुद्दा होता, तेव्हा कपाटं मोकळी झालेली आपण सगळ्यांनी पाहिली. कपाटं मोकळी व्हायलाच हवी होती. पण मुदत घालून दिलेल्या कामात माणूस कोळपं धरतो. कोळपं दोन ओळींच्या मधून सरळ जातं, बुडातलं तण तसंच राहतं आणि वाकडं उगवलेलं रोप निघून जातं. दप्तर कोळपून चालत नाही, बसून खुरपावं लागतं.

कयाधू
कोळपणी तुमच्या बीडकडं. आमच्याकडं डवरणी, आणि डवऱ्याची पास, म्हणजे पातं, कोळप्याहून रुंद असते. कापसात डवराच चालतो.

ओवी
कापसात आम्हीही कोळपंच धरतो. दोन बैलांच्या मधोमध दोन कोळपी जोडून.

दख्खनी
पण कयाधू, तो निर्दाताचा मुद्दा अजून राहिलाय. हिंदीत निराई म्हणतात, तिथं अनुस्वार का नाही? निर्दाता मूळ असेल तर निराई तुमच्या बाजूनं जाते आणि निंदणी विरुद्ध. मला वाटतं या दोन वेगळ्या वाटा आहेत. खानदेशात काय म्हणतात ते कुणी सांगेल का?