वर फेकलेल्या चेंडूच्या गणितातला ‘वर जाताना जी (गुरुत्व त्वरण, ९.८) वजा, खाली येताना अधिक’ हा नियम आता पुरे करावा का?

तिरपा_कोन:
माझ्या मते करावा. हा नियम पाठ असलेल्या मुलाला विचारा, चेंडू अगदी वर पोचला त्या क्षणी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती? हमखास उत्तर येतं, शून्य. त्याचंही बरोबरच म्हणायचं, वजाचा अधिक व्हायचा तर मधे शून्य लागणारच की! पण चेंडू १९.६ मीटर प्रति सेकंदाने वर फेका आणि दर सेकंदाचा वेग लिहा: १९.६, ९.८, ०, −९.८, −१९.६. प्रत्येक पायरी ९.८ ची. शून्यापाशी ती कुठे आखडली का? वरची दिशा धन धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

फळा_खडू:
साफ असहमत. नवख्या पोरांसमोर उभं राहून बघा. ‘पडताना वेग ऋण’ म्हटलं की लगेच हात वर: वेग तर वाढतोय, मग वजा कसा? वेग (दिशेसकट) आणि चाल (दिशेविना) यांतला फरक अजून अंगवळणी पडलेला नसतो. वर जाणं आणि खाली येणं असे दोन तुकडे केले की गणित सुटतं.

तिरपा_कोन:
बरं, तोच चेंडू तेवढ्याच वेगाने २४.५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून वर फेकला. जमिनीवर कधी पडेल?

फळा_खडू:
वर २ सेकंद, १९.६ मीटर. मग ४४.१ मीटर खाली, ३ सेकंद. एकूण ५. अडलं कुठे?

तिरपा_कोन:
अडलं नाही, पण एका चेंडूची दोन गणितं केलीत. विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासूनचं अंतर, दिशेसकट) −२४.५, सुरुवातीचा वेग १९.६, त्वरण −९.८ एवढं एकाच समीकरणात घाला. वेळेची उत्तरं येतात ५ आणि −१.

शंकेखोर:
ते −१ खोडायचं ना?

तिरपा_कोन:
खोडा, पण आधी बघा काय सांगतंय. हाच चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून २९.४ ने फेकला असता, तर गच्चीपाशी येईतो त्याचा वेग नेमका १९.६ उरला असता. दोन तुकडे केले की हे दिसतच नाही.

फळा_खडू:
सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण हे ज्याला कळतं त्याला माझ्या नियमाची गरजच नव्हती. मी बाकीच्यांबद्दल बोलतोय.

शंकेखोर:
हे सगळं निर्वात जागेतलं. हवा धरली तर शिखरावर त्वरण वेगळं निघेल ना?

तिरपा_कोन:
उलट! वर जाताना हवेचा अवरोधही खालीच ओढतो, म्हणून ९.८ हून जास्त. येताना तो वर ढकलतो, म्हणून कमी. आणि शिखरावर वेगच नाही, तर अवरोध कुठला? तिथेच काय ते चोख ९.८.

फळा_खडू:
हे मात्र उद्याच वर्गात विचारतो. नियम तरीही राहणार.