मदत हवी आहे: सामाजिक उद्योग सुरू करायचाय, सेक्शन ८ की एलएलपी?

तळकोकणी: नमस्कार मंडळी. सामाजिक उद्योजकतेचे दोन-चार ऑनलाइन कोर्स बघितले, मिशन-व्हिजनच्या पुढे कोणी सरकत नाही. गावातल्या बायकांना घेऊन काम सुरू करायचंय. नोंदणी कशाखाली करू, सेक्शन ८ची ना-नफा कंपनी की एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी? सीए म्हणतो, "तुम्ही सांगाल ते करू." सीझन तोंडावर आलाय, जरा लवकर सांगा.

हिशेबी: कसला सीझन? विकणार काय?

तळकोकणी: आमसुलं, आणखी काय. कुडाळजवळ गाव.

हिशेबी: "आणखी काय" म्हणे! आम्ही अंतर्ज्ञानी का? बायका किती, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, कोणाची, माल उचलणार कोण?

निधीसंकलक: आधी १२ए-८०जी म्हणतात त्या प्राप्तिकराच्या नोंदण्या करून घ्या. देणगीदाराला करसवलत मिळाली की सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसा देणाऱ्या कंपन्या, दारात येतात.

तळकोकणी: देणग्या मागायच्याच नाहीयेत हो.

शिवारमित्र: मग सरळ उत्पादक कंपनी काढा, उत्पादकांच्याच मालकीची. दहा उत्पादक सभासद पुरतात, शेअर कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. सेक्शन ८ मध्ये नफा वाटता येत नाही, तो उद्देशावरच खर्चावा लागतो. मजुरी देता येईल, पण बायकांना वाटा द्यायचा असेल तर ती वाट बंद.

गटाची ताई: झाडं बायकांची नसतील तर त्या उत्पादक कशा? उगाच काहीही सांगू नका.

शिवारमित्र: ताई, कायद्यात हस्तकला आणि कुटीरोद्योगही धरलेत. वाचून बोला.

गटाची ताई: वाचलंय. ऑडिट, वार्षिक विवरणपत्रं, पाच संचालक हे सांभाळणार कोण? तुम्ही येणार कुडाळला? लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं, संस्था म्हणून नोंदणी झाली ती १९६६ मध्ये. आधी पापड, मग कागद.

शिवारमित्र: त्या काळी एफएसएसएआयची अन्नसुरक्षा नोंदणी नव्हती. आज खाण्याचा माल त्या नोंदणीशिवाय विकता येत नाही, तेवढं तरी सांगा त्यांना.

मालवणी_मसाला: आमसुलां इकून कोण गबर झालो? त्यापरास आगळ करा, कोकमाचो खारो रस. आणि पुण्यात मिळतं त्यात नुसतं मीठ असतं, घरच्या आगळाची सोलकढी वेगळीच. बाटल्या कधी निघणार? दोन मला.

तळकोकणी: विषय नोंदणीचा आहे!!

हिशेबी: विषय नोंदणीचा नाहीच. रातांबे रोखीने घ्यायचे. फोडून, बिया काढून साली रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या. असं चार-पाच वेळा. मध्येच वळीव आला की बुरशी. एवढं करून माल पुण्या-मुंबईच्या दुकानात उधारीवर, आणि दुकानदार पैसे देणार गणपतीनंतर. बाईला हजेरी मात्र आठवड्याला लागते. मधले तीन-चार महिने पैसा कोणाचा अडकणार, ते आधी सांगा. लिज्जतच्या बायका लाटलेले पापड केंद्रावर देऊन मजुरी घेऊन जातात, माल खपेपर्यंत थांबत नाहीत. सामाजिक उद्योगाची मुळाक्षरं म्हणायची तर हीच. कोर्समध्ये शिकवत नसतील.

तळकोकणी: बायका चौदा आहेत. पैसे मी घालणार. रातांबे आमच्याच बागेतले, त्यामुळे तो खर्च नाही.

हिशेबी: हे आत्ता सांगताय! म्हणजे बाग तुमची, पैसे तुमचे, विक्री तुमची. बायका मजुरीवर. हा साधा घरचा धंदा झाला. वाईट काही नाही त्यात, पण मग सेक्शन ८ कशाला? बायकांचा करायचा असेल तर रातांब्यांचा भाव लावा, वहीत लिहा. आणि तो भाव तुम्ही एकट्याने ठरवायचा नाही.

निधीसंकलक: सेक्शन ८ असेल तर सीएसआर...

गटाची ताई: दादा, थांबा हो जरा. तळकोकणी, गावात बचत गट असेलच ना? सरकारच्या उमेद अभियानाचा किंवा माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा? या सीझनला गटाच्याच नावाने एफएसएसएआय नोंदणी करा, गटाच्या खात्यातून व्यवहार करा. बियांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तेलही त्याच बायकांना काढू द्या, बिया फेकू नका. कंपनीचं पुढच्या वर्षी बघा. बायकांना विचारलंत का पण?

तळकोकणी: गट आहेत. दोन आहेत. सात इकडे, सात तिकडे, आणि एकमेकींशी बोलत नाहीत.

हिशेबी: धन्य आहात.