संक्रांतीपर्यंतच टिकणारा संकल्प पुढे कसा न्यावा?

अनगोळकर (प्रश्न)

नमस्कार. मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. जन्म बेळगावचाच असल्यामुळे कन्नड बोलताना मला कुठेही अडत नाही, पण वाचता येत नाही. शाळा मराठी माध्यमाची होती, कन्नड विषय पास होण्यापुरता केला आणि नंतरच्या पंचवीस वर्षांत अक्षरे पुसून गेली. आता थोरली मुलगी सहावीत आहे. ती कन्नडचे पुस्तक घेऊन शेजारी बसते, एखाद्या शब्दावर बोट ठेवून "बाबा, हे काय?" असे विचारते आणि मी "आई येऊ दे" म्हणून वेळ मारून नेतो. शेताचा उतारा काढून आणला तरी तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. ही गोष्ट मनाला फार लागते.

गेली तीन वर्षे १ जानेवारीला मी ठरवतो, की रोज पहाटे साडेपाचला उठून तासभर कन्नड वाचायचे. पहिला आठवडा सुरळीत जातो. मग पाळी बदलते, दुसऱ्या पाळीहून घरी येऊन जेवण होईपर्यंत मध्यरात्र होते, पहाटे डोळे उघडत नाहीत, दोन दिवस खंड पडतो आणि तिळगूळ वाटून होईपर्यंत वही कपाटावर गेलेली असते. यंदाही वहीतले शेवटचे पान ११ जानेवारीचे आहे. २१ दिवस सलग केले की सवय लागते, असे सगळे सांगतात. माझे २१ दिवस कधी भरतच नाहीत. खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे का?

निवृत्त शिक्षिका, निपाणी

अनगोळकर, सर्वप्रथम त्या २१ दिवसांचे ओझे डोक्यावरून उतरवा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये असे लिहिले होते, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातला "निदान" हा शब्द पुढे गळून पडला आणि तो आकडा प्रत्येक सवयीला चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने एक छोटी कृती निवडली आणि ती रोज ठरावीक प्रसंगानंतर, म्हणजे न्याहारीनंतर किंवा जेवणानंतर, १२ आठवडे करून पाहिली. ती कृती आपसूक व्हायला लागण्याचा काळ साधारण ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक त्याचा अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला (१२ आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून हिशेबाने काढलेले). म्हणजे १ जानेवारीला सुरू केलेली गोष्ट कुणाच्या अंगवळणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पडेल, तर कुणाला सप्टेंबर उजाडेल. तुमच्या प्रश्नाचे उत्तरही याच अभ्यासात आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजू नका. ११ तारखेच्या पुढच्या पानावर आजची तारीख घालून लिहायला लागा.

आणखी एक गोष्ट मी अधिकाराने सांगते, कारण चौतीस वर्षे मुलांना गृहपाठ दिला आहे. "तासभर वाच" असे सांगितलेले मूल पुस्तक उघडत नाही. "या दोन ओळी वाच" असे सांगितलेले मूल पान संपवूनच उठते. तुम्ही दोन ओळींवर या.

शेतकरी, चिकोडी तालुका

ताईंचे म्हणणे पटले, पण माझ्या मते तुमची खरी अडचण घड्याळाची आहे. पाळीवर काम करणाऱ्याने साडेपाचची वेळ धरणे म्हणजे संकल्प आधीच अर्धा मोडून ठेवणे होय. मी हे स्वतः भोगले आहे.

शेतीचा जमाखर्च रोज लिहायचा असे मी ठरवले होते, आणि वेळ धरली होती संध्याकाळी सातची. आमच्याकडे मोटारीसाठी थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा मिळते, तर काही दिवस रात्री. त्यातच जानेवारीत उसाची तोड चालू असते आणि तोडणीची टोळी कधी फडात उतरेल याचा नेम नसतो. सात वाजता मी घरी असेन असे आठवड्यातून दोनदाही घडत नसे. शेवटी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीत ठेवली आणि पेन्सिल सुतळीने दाराच्या कडीला बांधली. लाईन दुपारी येवो की रात्री दोनला, बटण दाबायला पेटी उघडावीच लागते, आणि पेटी उघडली की आदल्या दिवसाचा खर्च लिहूनच बटण दाबायचे. मजुरी, खत, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे मिळून चार ओळी होतात. ही वही आता तिसऱ्या हंगामात आहे.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हीच पद्धत मांडली: "अमुक घडले की मी तमुक करीन" असे आधीच ठरवून ठेवायचे. तुमच्या बाबतीत तीनही पाळ्यांत न चुकणारी गोष्ट कोणती, ती शोधा. डबा असेल, अंघोळ असेल, कामावरून आल्यानंतरचा चहा असेल.

शहापूरची वहिनी

भाऊजी, माझे लग्नाआधीचे सगळे शिक्षण कोल्हापूरला झाले, त्यामुळे इथे आले तेव्हा मला एकही कन्नड अक्षर ओळखता येत नव्हते. म्हणून खात्रीने सांगते, की तुम्हाला वाटते तितके ते दूर नाही. क, ख, ग, घ हा क्रम आपलाच आहे आणि कागुणित म्हणजे आपली बाराखडीच. जिथे पाय अडखळतो त्या जागा दोनच. ए आणि ओ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपे असतात, आणि जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या खाली लिहितात, ज्याला ओत्तक्षर म्हणतात. मी हे बसच्या पाट्यांवरून शिकले. बस कुठे जाते ते आधीच ठाऊक असायचे, त्यामुळे पाटीवरचे अक्षर न अक्षर जुळवून पाहता यायचे. "खानापूर" आधी लागले; "हुक्केरी"तल्या क्कला मात्र पुष्कळ दिवस लागले.

आणि मुलीपासून लपवू नका. स्वीडनमध्ये १,०६६ जणांच्या नववर्ष-संकल्पांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात थोडा आधार मिळालेले लोक, काहीच आधार न मिळालेल्यांपेक्षा आणि पुष्कळ मदत मिळालेल्यांपेक्षाही अधिक यशस्वी ठरले. मुलीचे शेजारी बसणे हा तेवढाच आधार आहे.

अनगोळकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बराच विचार केला. तीनही पाळ्यांत न चुकणारी गोष्ट म्हणजे कामावर जाण्याआधी डबा भरला जाण्याची वाट पाहत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा असतो, ती पाच-सात मिनिटे. मुलीचे पाचवीचे जुने कन्नड पुस्तक तिथल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवले आहे. आज पहिली पाळी होती, सकाळी दोन ओळी वाचल्या. एक ओत्तक्षर अडले, त्याखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. संध्याकाळी मुलीने ते पाहिले, खाली स्वतः मोठे करून काढून दाखवले आणि "बाबा, उद्याच्या दोन ओळी मी निवडणार" असे म्हणाली.