कळंगुटला शहर कुणी केले?

बार्देशकर:
२०११ च्या जनगणनेच्या तक्त्यात कळंगुट नागरी भागात धरलेले असून नावापुढे कंसात ‘सीटी’ अशी खूण आहे. प्रत्यक्षात तिथे आजही ग्रामपंचायत आहे आणि घरपट्टीची पावतीही पंचायतच फाडते. मग हे शहर कुणी आणि कोणत्या निकषावर ठरवले? तिथे आता नगरपालिका होणे बंधनकारक आहे का?

आकडेमोड्या:
बंधनकारक मुळीच नाही. तो निर्णय राज्य सरकारचा. जनगणना दोन प्रकारची नगरे धरते. जिथे महानगरपालिका, नगरपालिका, नगरपंचायत किंवा कटक मंडळ आहे, ते वैधानिक नगर, मग लोकसंख्या कितीही असो. म्हणूनच माथेरान आणि पन्हाळा पाच हजारांच्या आत असूनही नागरी ठरतात. उरलेल्यांपैकी ज्या गावाची लोकसंख्या किमान ५,००० आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आहे, शिवाय वर्षातले किमान सहा महिने काम करणाऱ्या (‘मुख्य कामगार’) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात आहेत, ते जनगणना नगर (सेन्सस टाउन), म्हणजेच तुमचे ‘सीटी’. अशी नगरे देशात २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. गोव्यात तर वैधानिक नगरे १४ आणि जनगणना नगरे ५६ आहेत. तिथली ६२ टक्के लोकसंख्या नागरी दिसते ती यामुळेच.

जुना प्रगणक:
यातला ‘पुरुषांपैकी’ हा शब्द मला तेव्हापासून खटकतो. २०११ मध्ये माझ्या गटातल्या एका घरी कर्ता पुरुष आठ महिने रिक्षा चालवायचा आणि पावसाळ्यात दोन एकर भात लावायचा, म्हणून तो ‘इतर कामगार’ या रकान्यात गेला. त्याची बायको लावणीपासून मळणीपर्यंत आणि पुढे भाजीच्या वाफ्यांत राबत होती. तिचे काम मी शेती म्हणून नोंदवले, परंतु ७५ टक्क्यांच्या हिशेबात ते धरलेच जात नाही. पुढे ते गाव नागरी यादीत दिसले, तेव्हा आपल्याच लेखणीने ते शहर झाले असे वाटून गेले.

आकडेमोड्या:
आपल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण दोष आपल्या लेखणीचा नाही. २०११ ची यादी गणनेपूर्वीच, २००१ मध्ये ज्या गावांची लोकसंख्या किमान ४,००० होती त्यांचे जुने आकडे तपासून ठरली होती. पद्धत तीच राहिली, तर आपला रिक्षावाला पुढच्या जनगणनेच्या यादीत मोजला जाईल. त्याची बायको तेव्हाही नाही.